दोन नंबरची गळती

त्या महिन्यात दारावरची बेल वाजली की मिस्त्रीचं डोकंच फिरायचं. रेल्वे यार्डाच्या फाटकापाशी युद्धातल्या मोहिमेची शिळा बसवायचं सरकारच्या मनात आलं, आणि चव्वेचाळीस वर्षं ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्या दाराशी कमिटीची रीघ लागली. एक कारकून जन्मतारीख लिहून घेऊन गेला, दुसरा येऊन तीच तारीख पुन्हा लिहून घेऊन गेला, आणि तिसऱ्याने दोन्ही तारखा जुळत नाहीत म्हणून मिस्त्रीलाच दरडावलं. एक जण टेप घेऊन छातीचं माप घ्यायला आला, पदक कुठवर लोंबेल ते बघायचं होतं म्हणे. एका बाईने वही उघडून विचारलं, मोहिमेच्या वेळी आपण कोणती घोषणा दिली होती? घोषणा! शत्रूच्या पंपघरात शिरून स्फोटकं लावणारा माणूस घोषणा देतो? तो म्हणाला, "आम्ही शिंकसुद्धा दाबत होतो, बाई." तिने ते लिहून घेतलं नाही. आणि वर ती भाषणं. पंपघरात स्फोट झाला तेव्हा यार्डात दोन दिवस पाणी नव्हतं, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. पण दर भाषणागणिक दिवस वाढत चालले होते, परवाच्या भाषणात ते नऊ झाले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं होतं त्याला. म्हणून त्या सकाळी साडेदहाला बेल वाजली तेव्हा दार उघडून समोर कोण आहे ते न बघताच तो म्हणाला, "जन्मतारीख दारामागे कागदावर लिहून चिकटवलीय. उतरवून घ्या आणि जा."

"मी कमिटीची नाही, काका," दारातली बाई म्हणाली. "मी रंगाऱ्याची मुलगी."

तिला आत घ्यायला हवं, खुर्ची द्यायला हवी, हे सगळं त्याला कळत होतं, पण पायांनी हलायला थोडा वेळ घेतला. नाकात एकदम टर्पेंटाइनचा वास आला. तो वास खरा नव्हता, हे घर रंगवून सहा वर्षं झाली होती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची बाई, केस आखूड कापलेले, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर कचेऱ्यांचे जिने चढून चढून आलेला तो वैताग, जो मिस्त्री आरशात रोज बघत होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली. पिशवीतून तिने एक फॉर्म काढला, टेबलावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. आता हाही फॉर्म! त्याच्या अंगाची लाहीलाही झाली, आणि तो राग फॉर्मवर काढता येतो याचं त्याला बरंच वाटलं.

"शिळेवर तीन नावं आहेत," ती म्हणाली. "मास्तरांचं, तुमचं आणि काकूंचं. माझ्या वडिलांचं नाही. पाच कचेऱ्या फिरले. सगळीकडे एकच उत्तर, बाई, त्यांच्यावर फितुरीचा ठपका आहे. शेवटी एका साहेबाने हा फॉर्म दिला. मोहिमेतल्या हयात माणसाने लिहून दिलं की त्यांनी फितुरी केली नाही, तर नाव घालतील. उद्या दुपारी पाथरवट काम बंद करतोय."

फॉर्म एका पानाचा होता. 'सदर व्यक्ती निर्दोष असल्याचे मला माहीत आहे,' हे छापलेलंच होतं, खाली फक्त सही करायची. पण सहीच्या वर एक रकाना होता, चार ओळींचा. माहितीचा आधार. मिस्त्रीने तो रकाना वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. सरकारी फॉर्म म्हणजे निव्वळ डोक्याला ताप, वेळ जाळायची कागदी शेगडी, असं तो आजवर म्हणत आला होता. चव्वेचाळीस वर्षांत कोणी विचारला नाही तो प्रश्न या भिकार कागदाने विचारला होता.

"कोण आलंय?" म्हणत बायको हात पुसत बाहेर आली. मोहिमेच्या पथकात एक शिंपीण होती, ती हीच. ऐकून घेतलं तिने सगळं, उभ्यानेच. मग ती समोरच्या खुर्चीत बसली आणि पोरीशी बोलावं तशी त्या पन्नाशीकडे झुकलेल्या बाईशी बोलली. "हे बघ, माझं तुझ्याशी काही वैर नाही. स्फोटकांच्या त्या पट्ट्या मी शिवल्या होत्या, तीन. त्यांना सकाळी नऊला पकडलं. दुपारी बाराला स्फोट होता, त्याच्या आतच दोन पट्ट्या सापडल्या होत्या. तीन तास, पोरी. मार खाऊन आठवड्याने बोलले असते तर मी स्वतः त्यांचं नाव घाला म्हणून भांडले असते. मास्तर म्हणायचे, तीन तास तर वर्गातली मुलंही तोंड मिटून बसतात."

"ऐकलंय मी ते वाक्य," मुलगी म्हणाली. "लहानपणापासून ऐकलंय."

मास्तरचं ते वाक्य मिस्त्रीला कधीच आवडलं नव्हतं, पण तेव्हा त्याने मान डोलावली होती. मास्तर भूगोल शिकवायचा आणि मोहिमेचा प्रमुख होता. त्याला प्रमुख का केलं, तर त्याला नकाशा वाचता येत होता आणि बाकी तिघांना येत नव्हता, एवढंच. सैन्याकडे तेव्हा माणसं उरली नव्हती. शत्रू शहरात येऊन बसला होता, त्याच्या फौजेच्या गाड्या यार्डात थांबून इंजिनात पाणी भरून आघाडीवर जात होत्या, आणि ते पाणी चढवणारं पंपघर उडवायला जे पथक उभं राहिलं त्यात औषधालाही सैनिक नव्हता. मास्तर, इमारती रंगवणारा रंगारी, गणवेशाच्या कारखान्यातली शिंपीण आणि पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. शिकवायला आलेल्या कप्तानाने चौघांना बघून कपाळावर हात मारला. "पथक मागितलं होतं, ही खोगीरभरती कुठून आणली?" बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत सहा आठवडे त्याने त्यांना शिकवलं, आणि सहा आठवडे तो वैतागलेला होता. मास्तर रोज हजेरी घ्यायचा, समोर बसलेल्या तीन माणसांची. रंगारी पिस्तुलाला हात लावण्याआधी बोटं पुसायचा. शिंपीण कप्तानाच्याच कोटाचं उसवलेलं अस्तर बघून अस्वस्थ व्हायची, आणि एक दिवस तिने ते त्याला अंगातला कोट काढायला लावून शिवून दिलं. पण हळूहळू कप्तानालाही पटलं की सैनिक दार लाथेने उघडतो आणि यांना दार आतून उघडून मिळेल. रंगाऱ्याचं म्हणणं होतं, ओल्या रंगाचा डबा घेऊन निघालं की सेनापतीसुद्धा बाजूला होतो, कपडे सगळ्यांनाच प्यारे असतात. शेवटच्या दिवशी कप्तानाने बोट नाचवत बजावलं की तुम्ही तिथे आला होतात हे कोणाला कळता कामा नये. काही हलवू नका, काही उचलू नका, काही बिघडवू नका. काही दुरुस्त करू नका, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. कोणाला सुचेल?

"काका," मुलगी म्हणाली, "तुम्ही काहीच बोलत नाही."

"वाचतोय," तो म्हणाला.

"एक पान आहे."

ते भर दुपारी आत गेले होते. दोन हातगाड्या, शिडी, रंगाचे डबे, मास्तरच्या हातात खोटी चिठ्ठी: भिंतींची रंगरंगोटी आणि नळांवरच्या पट्ट्या बदलणे. पहारेकऱ्याने डबे बघितले, आपल्या बाह्यांकडे बघितलं आणि दूर सरकून उभा राहिला. रंगारी म्हणाला होता तसंच अगदी. गरम नळांना गुंडाळतात तशा कापडी पट्ट्या शिंपिणीने शिवल्या होत्या आणि त्यांच्या अस्तरात स्फोटकं होती. एक पट्टी एक नंबरच्या पंपाशी, एक दोन नंबरशी, तिसरी भिंतीमागून जाणाऱ्या मुख्य नळावर. घड्याळाची कळ दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची लावायची होती. मास्तरचा त्याबाबतीत हट्ट होता, कारण बाराला पंपघरातले आपले मजूर जेवायला बाहेर पडत. आपली माणसं मरता कामा नयेत, यावर त्याने कप्तानाशी दोन दिवस वाद घातला आणि जिंकला. आता अर्धी रंगवलेली भिंत टाकून रंगारी गायब झाला असता तर लगेच संशय आला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एकट्याने येऊन दुसरा हात मारायचा आणि साडेअकराला निघायचं, असं ठरलं. ही सगळी आखणी मिस्त्रीला अजून तोंडपाठ होती. त्यात कुठेही खोट नव्हती. खोट होती ती वीस मिनिटांत. त्याचं काम लवकर आटोपलं, रंगाऱ्याचं चाललं होतं, मास्तर दारात पहारेकऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता, आणि मिस्त्री दोन नंबरच्या पंपासमोर नुसता उभा होता. आणि दोन नंबर गळत होता.

थोडंफार गळणं ठीक. फिरत्या दांड्याभोवती दोरीचं पॅकिंग असतं, त्यातून थेंब थेंब पडायलाच हवा. हे तसलं नव्हतं. ही धार होती. खाली सिमेंटवर हिरवं शेवाळ धरलेलं, नट एका बाजूने जास्त आवळलेला, कुठल्यातरी गाढवाने पाना कसा धरायचा हे न शिकता आवळलेला. महिनोन्महिने हे असंच चाललं असणार आणि येणारेजाणारे वरून उडी मारून जात असणार. मिस्त्रीला राग आला. खरोखरचा राग, शत्रूचा आला नव्हता तसा. हात शिवशिवायला लागले. खिशात तेलात भिजवलेली दोरी होतीच, ती कायम असायची. त्याने नट सैल केला, जुनी सडकी दोरी काढली, नवीचे चार वेढे दिले, मग एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, सारखं आवळलं. धार बारीक झाली, थेंबावर आली. दहा मोजले की एक थेंब. बघून त्याला जे समाधान वाटलं ते पट्टी बसवताना वाटलं नव्हतं. आपण या पंपाला उद्या बारा वाजता उडवणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ते डोक्याला ठाऊक होतं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे खोड त्याची होती आणि मेला दुसराच.

युद्ध संपलं आणि त्याला त्याच पंपघरात नोकरी लागली, दुसरीकडे कुठे लागणार होती? तिसऱ्या महिन्यात फळीवरून शत्रूच्या इंजिनियरची रोजनोंदवही खाली काढली, जुने पंप कसे जोडले होते ते बघायला. त्यांची भाषा तोवर सगळ्यांनाच वाचण्यापुरती येत होती. ती तारीख आपोआप उघडली गेली. सात वाजून दहा मिनिटे: दोन नंबरची गळती बंद. तीन महिने माणूस मागतो आहे, मिळाला नाही. दुरुस्ती कोणी केली? पंप तपासावा. आठ वाजून वीस मिनिटे: दोन नंबर आणि एक नंबर, दोन्हीकडे स्फोटके. नऊ वाजून पाच मिनिटे: रंगारी कामावर आला. ताब्यात घेतला. एवढंच. सुबक अक्षर होतं त्या माणसाचं. मिस्त्री फळीखालच्या स्टुलावर बसला. त्याला कानात पाणी गेल्यासारखं ऐकू येईना. रंगारी यायच्या आधीच पट्ट्या सापडल्या होत्या. सांगायला त्याच्याकडे फक्त तिसरी उरली होती, आणि ती त्याने रंगवलेल्या भिंतीमागे होती, जिथे त्याने स्वतः 'रंग ओला आहे'ची पाटी टांगली होती. नऊपासून बारापर्यंत त्याला चौकीत बसवून विचारत होते, अजून कुठे आहे? आणि तीन तास तो गप्प बसला, म्हणूनच तिसरी पट्टी उडाली. म्हणूनच यार्ड दोन दिवस कोरडं पडलं, भाषणात नऊ दिवस झालं, शिळा झाली, पदक झालं, छातीचं माप झालं. अकरा दिवसांनी तो त्यांच्या तुरुंगात मेला.

तेव्हा लगेच सांगायचं त्याच्या मनात होतं, अगदी शपथेवर. पण बायकोला सातवा महिना लागला होता. रंगाऱ्याची बायको लेकीला घेऊन शहर सोडून गेली होती, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. मास्तर आजारी होता. बरा झाला की सांगू म्हटलं, तर तो बरा झालाच नाही. मग मुलगा झाला. मग उशीर झाला, आणि उशिराचं एक असतं, तो जसा वाढतो तसा तो आपलाच बचाव करायला लागतो: इतकी वर्षं सांगितलं नाही, आता सांगून काय? जुन्या वह्या रद्दीत गेल्या तेव्हा हातगाडी त्यानेच ओढली. कोणी त्याला ओढायला सांगितली नव्हती. भ्याड होता तो, एवढं साधं होतं ते, पण हा शब्द त्याला स्वतःशीसुद्धा उच्चारायला त्याच हातगाडीइतका जड गेला होता. आणि घरात ही बाई. रोज सकाळी चहा देणारी, त्याच्या खोकल्यावरून त्याला रागावणारी, आणि रंगाऱ्याचं नाव निघालं की ओठ घट्ट मिटणारी.

"अहो, काय ते सांगून टाका तिला," बायको म्हणाली. "उगाच ताटकळत ठेवू नका. नाही म्हणायचं तर नाही म्हणा."

त्याने पेन उचललं. रकान्यात पहिला शब्द लिहायला गेला आणि थांबला, कारण चार ओळींत हे बसत नव्हतं. त्याचा पुन्हा संताप झाला. माणसाचा जीव चार ओळींत मागतात हरामखोर. मग त्याने पेन ठेवलं आणि तोंडाने सांगितलं. फार वेळ लागला नाही. सात दहा, आठ वीस, नऊ पाच. वही त्याने वाचली होती. वही आता नाही. नट त्याने आवळला होता. टेबलाच्या लाकडाकडे बघत तो बोलत होता, आणि बोलून झाल्यावरही त्याने मान वर केली नाही.

"थांबा," मुलगी म्हणाली. "तो पंप तुम्ही दुसऱ्या दिवशी उडवणार होतात ना?"

"हो."

"आणि आदल्या दिवशी तो तुम्ही दुरुस्त केलात?"

"हो."

"का?"

चव्वेचाळीस वर्षांत त्याने या प्रश्नाची निदान शंभर उत्तरं तयार केली होती. वेळ काढायला, कामगार वाटावं म्हणून, पहारेकरी बघत होता म्हणून. सगळी नीट घासूनपुसून ठेवलेली होती.

"गळत होतं," तो म्हणाला.

मुलीच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं. बायको हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची मिस्त्रीची छाती झाली नाही. ती बोलली तेव्हा त्याच्याशी बोलली नाही.

"तुझी आई आली होती," ती मुलीला म्हणाली. "युद्ध संपल्यावर. तू कडेवर होतीस. दारात उभी राहून म्हणाली, त्यांनी काही सांगितलं नाही हो, मला माहीत आहे ते. मी म्हटलं, तुला काय माहीत, तू होतीस तिथे? आणि दार लावलं. ती बराच वेळ बाहेर उभी होती. मला पलीकडून कळत होतं." ती थांबली. "पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला."

मिस्त्रीला हे माहीत नव्हतं. मुलीच्या आईने दार ठोठावलं होतं हे माहीत नव्हतं, चव्वेचाळीस वर्षांत बायकोनेही एक गोष्ट पोटात ठेवली होती हे माहीत नव्हतं. मात्र तिने ती रंगारी खरंच फितूर होता असं समजून ठेवली होती. फरक होता, आणि तो फरक त्याला छातीत कळत होता.

"तो कागद इकडे दे," बायको म्हणाली. आधाराच्या रकान्यात तिने लिहिलं, शिवणकामाच्या वहीत लिहायची तसं ठसठशीत: दुरुस्ती माझ्या नवऱ्याने केली. आणि सही केली. मग फॉर्म त्याच्याकडे सरकवला, त्याच्याकडे न बघता. त्यानेही खाली सही केली. हात कापला नाही, याचीच त्याला लाज वाटली.

"माझं नाव काढायला सांग त्यांना," तो मुलीला म्हणाला. "शिळेवरून."

"नाव काढायला वेगळा अर्ज लागतो, काका," ती म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा. माझे जिने झाले चढून." तिने फॉर्म घडी न करता पिशवीत ठेवला. बायको उठून आत गेली आणि चप्पल घालूनच बाहेर आली.

"मी येते पाथरवटाकडे," ती म्हणाली. "त्याने काही विचारलं तर सांगायला कोणीतरी हवं."

"मीही येतो," मिस्त्री उठत म्हणाला.

बायको त्याच्यासाठी थांबली नाही, सरळ जिना उतरून गेली. दाराशी पोचल्यावर मुलगी वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता, दिवसभर रांगेत उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा.

"आई शेवटपर्यंत वरवर म्हणायची, त्यांनी सांगितलं नाही. पण मनातून तिला वाटायचं की सांगितलं असणार. आपल्या दोघींसाठी सांगितलं असणार, आपल्याला उचलून नेतील या भीतीने. आणि तिने त्यांना माफ केलं होतं. रोज करायची, झोपायच्या आधी, माझ्या देखत. जे त्यांनी केलंच नव्हतं ते ती चाळीस वर्षं माफ करत होती, काका."

एवढं म्हणून ती जिना उतरायला लागली. खालून बायकोची हाक आली, "येतेस ना गं?" आणि मुलगी म्हणाली, "आले, काकू." मिस्त्री दाराची कडी धरून उभा होता. पावलांचे आवाज पहिल्या मजल्यावर गेले, मग रस्त्यावर गेले, आणि मग तो ऐकत राहिला तरी काही ऐकू आलं नाही.